पाठमोरी पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. एकाच फाटकावर सोळा वर्षं लटकून माझी मान अवघडली आहे. तेव्हा मित्रांनो, मी जरा दमादमानं बोलते, राग मानू नका.

मला रंगवलं काकांनी. पाट्या रंगवणं हाच त्यांचा धंदा. ढब्बू नावाचं पिल्लू घरात आलं, त्याच संध्याकाळी त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, घासला, पिवळा रंगवला आणि ठसठशीत लाल अक्षरांत लिहिलं, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. शेजारी सुळे विचकलेलं एक तोंडही काढलं. आत ढब्बू चपलेवर मान टाकून घोरत होता.

काकांची बायको शिवणकाम करायची. सगळे तिला मावशी म्हणत. ती म्हणाली, “अहो, त्याला जरा बाहेर फिरवून आणा. चार माणसं, चार पोरं बघू दे त्याला.”

“अगं, पाटी लावलीय ना!” काका म्हणाले.

पाटी रंगवली की काम झालं, असं काकांना मनापासून वाटायचं. गळक्या नळावर ‘नळ नीट बंद करा’ अशी सुरेख पाटी लावून ते वर्षभर निवांत होते. नळ गळतच होता.

ढब्बू वाढला. व्हरांड्यात मावशीचं शिलाई मशीन, आणि मशीनच्या पायाला ढब्बूची साखळी. दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. कुणाचा पाय त्याच्या शेपटीवर पडे, तो झोपलेला असताना कुणी त्याचे कान ओढी. तो आधी मान फिरवायचा, ओठ चाटायचा, अंग ताठ करायचा. तिकडे कुणाचं लक्षच नसायचं. मग तो बिचारा गुरगुरायचा. गिऱ्हाईक दचकायचं आणि मावशीची लाकडी पट्टी ढब्बूच्या नाकावर बसायची. “गप! घरी आलेल्यांवर गुरगुरतोस?”

असा मार खाऊन खाऊन ढब्बूनं गुरगुरणं सोडून दिलं. “किती शहाणा झाला हो!” म्हणून बायका त्याचं तोंडभरून कौतुक करायच्या. मला ते कौतुक ऐकवत नसे.

पुढे माझ्यावरही पाळी आली. माझे सुळे बघून नवी गिऱ्हाइकं फाटकावरूनच परत फिरतात, अशी मावशीची तक्रार होती. काकांनी मला काढलं, फिरवलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, ‘शिवणकाम आत’. मित्रांनो, तीन वर्षं मी रस्त्याकडे पाठ करून लटकले. माझी सूचना वाचायला समोर फक्त व्हरांडा होता. म्हणून पुढे जे झालं, ते मला समोरून बघावं लागलं.

दुपारची वेळ होती. शाळेतले मास्तर आपल्या लेकीला, चिमीला, फ्रॉकचं माप द्यायला घेऊन आले. मावशी वहीत आकडे लिहीत होती, मास्तर कापड निवडत होते. ढब्बू भाकरी खात होता. चिमी त्याच्या ताटलीजवळ उकिडवी बसली आणि तिनं लाडानं हात पुढे केला. ढब्बूचं खाणं थांबलं. अंग ताठ झालं. मी ओरडले असते, पण पत्र्याला ओरडता येत नाही. आणि ढब्बूला गुरगुरायची बंदी होती.

तो चावला. मनगटाला, खोलवर.

मावशीनं नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं तो हात धुतला. पोर किंचाळत होती. काका ढब्बूच्या लसीचं कार्ड शोधत होते. ते सापडलं, पण लस द्यायची तारीख केव्हाच उलटून गेली होती. चिमीला इंजेक्शनं घ्यावी लागली.

“डॉक्टरांनी दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय,” मास्तर म्हणाले. “अकराव्या दिवशी हा इथे दिसता कामा नये.”

जनावरांचे डॉक्टर येऊन ढब्बूला बघून गेले. जाताना त्यांनी विचारलं, “चावण्याआधी गुरगुरला असेल ना?”

“नाही हो,” मावशी म्हणाली. “गुरगुरण्याची खोड आम्हीच मोडली.”

“मग त्यानं सांगायचं तरी कसं, मावशी?”

मावशी मशीनवर डोकं टेकून रडली. काकांनी उठून मला पुन्हा सुलट केलं. मला वाटलं, झालं, यांचं काम संपलं. पण नाही. त्यांनी मागच्या खोलीला अर्धं दार बसवलं. ढब्बूचं खाणं, झोपणं तिकडे हलवलं. डॉक्टरांना विचारून राहिलेल्या लसीचा दिवस पक्का केला. मावशीनं साखळी फेकून दिली आणि जाड कापडाचा पट्टा शिवला.

अकराव्या दिवशी मास्तर आले. चिमी बापाच्या मागे दडली होती. अर्ध्या दारामागून ढब्बूनं दोघांना पाहिलं आणि त्याच्या घशातून बारीक गुरगुर आली. सवयीनं मावशीनं लाकडी पट्टी उचलली. माझा तर जीव टांगणीला लागला.

तिनं पट्टी खाली ठेवली. “ऐकलं रे, बाळा,” ती म्हणाली. “कुणी येत नाही तुझ्याजवळ.”

ढब्बू शांत झाला आणि आत जाऊन बसला. मास्तरांनी ते अर्धं दार हलवून बघितलं. “राहू दे त्याला,” ते शेवटी म्हणाले. “पण माप आम्ही फाटकातूनच देणार.”

त्यानंतर काका सकाळ-संध्याकाळ ढब्बूला पट्टा लावून फिरवू लागले. तो पुन्हा कुणाला चावला नाही. गेल्या वर्षी म्हातारपणानं तो गेला. चिमीच्या मनगटावरचा वण मात्र अजून आहे, आणि तो बघितला की मला फार शरम वाटते.

काल शेजारी मला मागायला आले. त्यांनी नवं पिल्लू आणलंय. “पाटी लावली की काळजी मिटली,” ते हसत म्हणाले.

काकांनी मला काढलं, पुसलं. “पाटी न्या,” ते म्हणाले, “पण आधी पिल्लू घेऊन या. आपण त्याला फिरवून आणू.”

मित्रांनो, आज मी दुसऱ्या फाटकावर आहे. माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात. मला खुशाल लावा, पण सगळं माझ्यावर टाकून आत जाऊन बसू नका. मी नुसता पत्रा आहे हो.