चौथ्या घरातली लाल रेघ

मित्रांनो, सिलिंडर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला तो लाल ढब्बूच येणार, ठाऊक आहे मला. पण मी तो नव्हे! मी एका जुन्या रिव्हॉल्व्हरच्या पोटात गरगर फिरणारा पोलादी सिलिंडर आहे. मुठीत मावणारा, सहा घरांचा. एकेका घरात एकेक काडतूस राहायचं. स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही, आणि मागच्या नवरात्रात तर माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ऐका.

शंभरेक वर्षांपूर्वी कनेक्टिकटमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मिशिगनच्या एका शेतकऱ्यानं मला विकत घेतलं आणि मी त्याच्या कमरेला लटकून शेतं पालथी घातली. काय रुबाब होता म्हणून सांगू! पण एकदा त्याच्या मेव्हण्यानं घाईघाईत भलतंच दणकट काडतूस माझ्या चौथ्या घरात कोंबलं. "बसतंय ना? मग झालं तर," असं म्हणाला शहाणा. बार उडाला, सगळे हसले. मी फुटलो नाही, पण चौथ्या घराच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली. ती कुणालाच दिसली नाही. मला मात्र ती तेव्हापासून ठसठसत राहिली.

पुढे माझ्या मापाची काडतुसं बाजारातून नाहीशी झाली. काम सुटलं, आणि मी शेतकऱ्याच्या नातवाच्या, वॉल्टरच्या, कपाटात पायमोज्यात गुंडाळून पडलो. वर्षानुवर्षं! फिरणाऱ्याला बसवून ठेवलं की काय हाल होतात, ते मला विचारा.

वॉल्टर मिशिगनमधल्याच ट्रॉय गावी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मुख्य होता. पुण्याहून आलेल्या संजीवला तिथलं सगळं काम त्यानंच शिकवलं. भाग पारखताना त्यावर लाल रंग लावायचा, पुसून टाकायचा आणि वाट पाहायची. चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग पुन्हा वर येतो. असा भाग वॉल्टर स्वतःच्या हातानं भंगारात फेकायचा. हे जग सोडून जाताना त्यानं रिव्हॉल्व्हर रीतसर संजीवच्या नावावर केलं आणि म्हणाला, "माझ्या वाढदिवसाला आपल्या नेमबाजीच्या क्लबात एक बार काढ. तो उल्कानं काढावा." उल्का ही संजीवची लेक. वॉल्टरच्या खांद्यावर बसून वाढलेली, आता कुत्र्यामांजरांची डॉक्टर झालेली.

जुनी काडतुसं तर मिळेनात. मग निवृत्त संजीवनं गराजमधल्या लेथवर, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रावर, मला चढवलं आणि माझी सहाही घरं आजच्या काडतुसाच्या मापाची केली. हात मात्र सोन्यासारखा हं त्याचा! माप कुठं तसूभरही चुकलं नाही. पण हे नवं काडतूस त्या मेव्हण्याच्या काडतुसाहूनही जोरकस होतं. माझं पोलाद तेव्हाचं, त्यात ती चीर, त्यात भिंती आणखी पातळ झालेल्या. मी फुटणार होतो. आणि फुटणार होतो ते उल्काच्या हातात.

"बाबा, आर यू शुअर? बंदुकीच्या कारागिराला दाखवलंत का?" उल्कानं विचारलं.

"अगं, चाळीस वर्षं लोखंडच कापलंय मी. काडतूस बघ कसं झक्कास बसतंय!"

बसतंय! पुन्हा तेच! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

वाढदिवस नेमका खंडेनवमीला आला. संजीव निघायच्या तयारीत, तोच त्याच्या पत्नी मालिनीकाकू आडव्या आल्या. "आज हत्यारांची पूजा. आज त्यांना सुट्टी. उद्या दसऱ्याला जा, सीमोल्लंघनही होईल."

संजीवनं फोन करून क्लबचं कॅन्सल केलं. लेथची किल्ली, त्याचं माप घ्यायचं व्हर्निअर, उल्काचा स्टेथोस्कोप आणि सुटा काढलेला मी, असे आम्ही ताटात बसलो. काकू कुंकू पाण्यात भिजवायला लागल्या तसा संजीव ओरडला, "पाणी नको गं! गंज चढेल त्याला!"

"बरं बाई, तेलात कालवते. लाडाचा लेक कुठला!"

तेलातल्या कुंकवाची बोटं माझ्यावर उमटली आणि एक थेंब चौथ्या घरात ओघळला. दिवसभर तो चिरेत झिरपत राहिला. मला कळत होतं सारं. मी नुसता तळमळत होतो.

दसऱ्याला सकाळी संजीवनं मला लख्ख पुसलं आणि उल्काच्या तळहातावर ठेवलं. ती मला खिडकीजवळ घेऊन गेली, फिरवू लागली आणि थांबली.

"बाबा, व्हॉट्स धिस? इथे लाल रेघ आहे."

"कुंकू राहिलं असेल." त्यानं पुसली. रेघ पुन्हा आली. पुन्हा पुसली. पुन्हा आली, तश्शीच, केसाएवढी.

संजीवनं हातातलं फडकं खाली ठेवलं. हजारो भाग त्यानं याच रीतीनं पारखले होते. एकट्या मला मात्र नाही, कारण मला त्यानं स्वतः कापलं होतं. त्यानं उल्काचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"वॉल्टरला दिलेला शब्द राहिला गं," तो म्हणाला.

"वॉल्टर अंकलनी पहिल्यांदा हा भंगारात टाकला असता, बाबा. आणि मग तुम्हाला ओरडले असते."

त्यावर तो रडतारडता हसला. बार कुणीच काढला नाही. तिघांनी क्लबात जाऊन वॉल्टरच्या दोस्तांना आपट्याच्या पानांऐवजी अंगणातल्या मेपलची पानं दिली आणि झालेली चूक संजीवनं सगळ्यांसमोर सांगून टाकली.

मित्रांनो, जुन्याला नवं काम जरूर द्या. बसून राहणं फार वाईट. पण ते त्याला सोसेल का, हे आधी बघा. आणि आपल्या हातचं काम असेल तर दुप्पट बारकाईनं बघा.

मला भंगारात टाकलं नाही. आता मी संजीवच्या टेबलावर एका खिळ्यावर बसवलेला आहे, रिकामा. उल्का आली की येताजाता बोटानं मला एक गिरकी देते. मी गरगर फिरतो आणि दर वेळी तिच्या हाताची बोटं मोजतो. पाच. पाचच्या पाच आहेत.