समोरची बाजू

तिनं दोऱ्याचं एक टोक उपसचिवांच्या हातात दिलं आणि दुसरं धरून ती लांबलचक टेबलाच्या पार पलीकडे गेली.

"ताणून धरा," ती म्हणाली.

उपसचिवांनी ताणून धरलं. हे काम शिपायाचं, हे त्यांना ठाऊक होतं. पण बैठकीच्या खोलीत तिच्यापुढे कुणाचाच हुद्दा चालत नसे. दोऱ्याला लागून पाण्याचे पेले, पेल्यांमागे नावांच्या पट्ट्या, पट्ट्यांपुढे पेनं, सगळ्या पेनांची टोपणं एकाच दिशेला. राजशिष्टाचार विभागात तिची हयात गेली होती आणि खात्यात सगळे तिला काटकोनबाई म्हणत. पाठीमागे म्हणत असं त्यांना वाटे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"झालं का?" उपसचिवांनी विचारलं. त्यांना सकाळपासून पित्त झालं होतं.

"थांबा."

तिनं एक पेला सरकवला, मग परत होता तिथेच आणला. उपसचिव बघतच राहिले. बाई एकदा ठेवलेला पेला पुन्हा हलवत नसत.

खोलीच्या कोपऱ्यात काचेची एक प्रचंड फुलदाणी उभी होती. हिरवी, फुगीर, आणि कुठल्याही कोनातून बघितली तरी तितकीच कुरूप. पाहुण्या देशानं ती मागे कधीतरी भेट दिलेली. एरवी ती तळघरात गोणपाटात गुंडाळलेली असे, पण त्यांचं कुणी येणार म्हटलं की तिला वर आणून, धुऊन, पुसून ठेवायची हा बाईंचा शिरस्ता होता. नणंद येणार असली की नणंदेनं दिलेले पडदे लावतात, तसं. तो देश एवढा लांब होता की इतकी वर्षं दोन्हीकडचा संबंध शुभेच्छा आणि शोकसंदेश यांच्यापलीकडे फारसा गेला नव्हता. आता मात्र गहू इकडून जाणार होता, खतं तिकडून येणार होती, जहाजं थेट चालणार होती आणि त्यांच्या राजधानीत आपलं सांस्कृतिक केंद्र उघडणार होतं. आज त्यावर बोलणी आणि मग सह्या.

त्या केंद्रासाठी भाषा शिकवणारं, दोन्हीकडचं जाणणारं माणूस हवं होतं. आणि त्यांनी मागितलं होतं ते तिच्या लेकीला.

लेक खात्यातच दुभाषी होती. त्या देशाची भाषा येणारी खात्यात दुसरी कुणी नव्हतीच. आणि याला कारण कोण, तर काटकोनबाई स्वतः. लेक लहान असताना तिकडच्या एका पाहुण्यानं बाईंना चित्रांचं पुस्तक दिलं होतं. ते तिनं घरी नेलं, पोरीपुढे टाकलं आणि स्वयंपाकाला लागली. पोर त्या चित्रांत जी शिरली, ती बाहेर आलीच नाही.

परवा रात्री जेवताना लेक म्हणाली होती, "आई, त्यांनी विचारलंय. निदान तीन वर्षं. सह्या झाल्या की उत्तर द्यायचंय."

ती ताटात बघत म्हणाली होती, "तुझं तू बघ."

नंतर भांडी पुसता पुसता नवऱ्यानं विषय काढला होता.

"तुझं तू बघ म्हणजे जाऊ नकोस, हे तिला कळतं बरं का. मलाही कळतं. इतकी वर्षं संसार केलाय."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तेच तर म्हणतोय. काहीतरी म्हण."

तिनं पुसलेली ताटं फडताळात एका रांगेत लावली. तेव्हापासून घरात मीठ दे, दार लाव एवढंच बोलणं चाललं होतं. थोरला मुलगा असाच परदेशात गेला होता, तोही निदान काही वर्षंच म्हणून. आधी दर रविवारी त्याचा फोन यायचा. मग सणासुदीला. आता अवेळी फोन वाजला की घरात आनंद व्हायच्या आधी काही बरंवाईट तर नाही ना, असं मनात येत असे. जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची अजून होती, टेबलाला अगदी काटकोनात लावलेली. एक गेला तो गेलाच, आता दुसरीही, या विचारानं तिला दोन रात्री धड झोप नव्हती.

बैठकीच्या खोलीचं दार वाजलं आणि पाहुण्यांची सचिव आत आली. उंच, चटपटीत बाई. आपली भाषा तिला जेमतेम यायची. तिनं शब्द जुळवत अडचण सांगितली. त्यांचा दुभाषी तापानं फणफणला होता, हॉटेलात पडून होता. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एकच दुभाषी. त्यात त्यांच्या प्रमुखांना वयामुळे कमी ऐकू येतं. टेबलापलीकडचं तर नाहीच. तेव्हा तुमची ती दुभाषी मुलगी आमच्या बाजूला, प्रमुखांच्या शेजारी बसली तर?

उपसचिवांनी काटकोनबाईंकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "आपला दुभाषी आपल्या बाजूला. नियम आहे. त्यांना कानाला लावायचं यंत्र देऊ."

नियम खरा होता. तसा असेल तर प्रश्नच नाही, असं म्हणून सचिव हसून निघून गेली. उपसचिवांनाही काही वाटलं नाही. पण काटकोनबाई स्वतःच्या आवाजाकडे कान लावून उभ्या राहिल्या. इतक्या घाईनं तिनं आजवर कुणाला नियम सांगितला नव्हता. विचारणारे दुसरे कुणी असते, बसणारी दुसरी कुणी असती, तर तिनंच काहीतरी वाट काढली असती. नियम तिला जितके माहीत होते, तितक्याच त्यांतल्या वाटाही माहीत होत्या.

ती खिडकीशी गेली, पडदा ओढला, पुन्हा उघडला. ध्वज नीट होते तरी नीट केले. उपसचिव गोळी घ्यायला म्हणून निघून गेले.

थोड्या वेळानं लेक आली. खात्यात ती आईला मॅडम म्हणे.

"मॅडम, मी इथेच ना?" तिनं आपल्या नावाच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"इथेच."

"त्यांना ऐकू येत नाही फारसं."

"यंत्र दिलंय."

"बरं."

लेकीनं मायक्रोफोन तपासला, खुर्ची पुढे घेतली, मागे सारली. मग माइक बंद आहे ना ते एकदा बघून म्हणाली,

"मी त्यांना नाही म्हणून सांगतेय. सह्या होईपर्यंत कशाला लटकत ठेवायचं, आत्ताच सांगते त्यांच्या सचिवांना."

"का?"

"का म्हणजे काय, आई?" ती थकल्यासारखी हसली. "तू भांडली असतीस तर मी गेले असते. रडली असतीस तरी गेले असते, रडत रडत. तू नुसती गप्प आहेस. तुला असं सोडून नाही जाता येत मला. जाऊ दे. राग नाही माझा."

आणि ती बाहेर गेली.

झालं. हवं होतं तेच झालं होतं, आणि त्यासाठी तिला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. आता तिला हायसं वाटायला हवं होतं. ती एका खुर्चीवर टेकली, लगेच उठली. फुलं बुटकी होती, माणसांचे चेहरे झाकत नव्हती. तरी तिनं एक फूल काढलं आणि मग ते कुठं टाकावं हे न सुचून हातातच धरून ठेवलं.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या व्हरांड्यातून लेकीचा आवाज आला, त्या दुसऱ्या भाषेत. ती दाराशी गेली. लेक आणि ती उंच सचिव भिंतीशी उभ्या होत्या. नकार अजून दिलेला नव्हता हे उघड होतं, कारण दोघी कशावरून तरी हसत होत्या. लेक काहीतरी सांगत होती आणि सांगताना तिचे हात चालत होते, हवेत काहीतरी फुगीर, भलंमोठं दाखवत होते. फुलदाणी. ती त्या फुलदाणीची नक्कल करत होती, कंबरेवर हात ठेवून, गाल फुगवून, आणि ज्यांनी ती दिली त्यांचीच बाई भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

आई बघत राहिली. घरी ही पोर हळू बोले, हात मांडीवर ठेवून. आपली मुलगी अबोल आहे असं ती नातेवाइकांना अनेकदा, थोड्या अभिमानानंच सांगत आली होती. अबोल कसली. बोलायला तिला एवढी मोठी जागा लागत होती, आणि ती घरात नव्हती. हे आपल्याला इतक्या वर्षांत दिसलं कसं नाही, याचा तिला राग आला. दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःचाच.

मग लेकीचं हसू ओसरलं. तिनं केस कानामागे घेतले आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"अगं," काटकोनबाई दारातून म्हणाल्या, खात्यात आजवर कधीही न वापरलेल्या शब्दानं. "खालून पाहुण्यांना घेऊन या दोघी. वेळ झाली."

वेळ झाली नव्हती. लेकीनं घड्याळाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि त्या दोघी जिन्याकडे गेल्या.

तिनं दार लावून घेतलं. हातातलं फूल आधी होतं तिथे खोचलं. लेकीची पट्टी उचलली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली, पाहुण्यांच्या रांगेत, प्रमुखांच्या शेजारी. आजाऱ्याची पट्टी तिथून काढून खिशात टाकली. एक पट्टी हलली की सगळी रांग हलते; आपल्या बाजूला मंत्र्यांशेजारी भोक पडलं, ते भरायला सगळ्यांना थोडं थोडं सरकवावं लागलं. दोरा धरायला कुणी नव्हतं. तिनं एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं आणि दुसरं स्वतः ताणलं. खुर्ची हलकी होती, दोरा ताणला की सरकत होती. शेवटी पेले कसेबसे रांगेत आले.

तेवढ्यात उपसचिव आले आणि दारातच थबकले.

"बाई, हे काय? दुभाषी तिकडे कशी गेली?"

"नजरचूक झाली असेल."

"कुणाची?"

"माझी."

उपसचिवांना हे गिळायला त्यांच्या गोळीपेक्षा जड गेलं. "मग बदला ना."

"आता कसं बदलणार? पाहुणे जिन्यावर आलेत. पाहुण्यांच्या देखत पट्टी हलवत नाहीत."

हाही नियमच होता. बुटांचे आवाज जवळ आले. उपसचिवांनी एकदा टेबलाकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि कोट सारखा करून ते मंत्र्यांना घ्यायला पुढे झाले.

माणसं आत आली, हस्तांदोलनं झाली, कुणीतरी फुलदाणीचं कौतुक केलं. लेक सवयीनं यजमानांच्या बाजूला गेली आणि आपली पट्टी शोधू लागली. मंत्र्यांशेजारी नव्हती. त्याच्या पुढेही नव्हती. एक क्षण ती रांगेच्या मागे नुसती उभी राहिली. मग पलीकडच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी शेजारची खुर्ची थोपटून तिला खूण केली, तेव्हा तिला आपलं नाव दिसलं.

ती टेबलाला वळसा घालून हळूहळू चालत गेली. पट्टी हातात घेऊन तिनं ती उलटसुलट बघितली, जणू मागे काही लिहिलेलं असेल. काही नव्हतं. आपल्या आईच्या हातून नजरचूक होत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं तिलाच माहीत होतं.

ती बसली.

पाहुण्यांना दाराकडे तोंड करून बसवायचं आणि यजमानांनी दाराकडे पाठ करायची, अशी पद्धत होती. काटकोनबाई बैठकभर दाराशी उभ्या राहत. त्यामुळे लेक खात्यात लागल्यापासून तिला दिसायची ती तिची पाठ, मानेवरचा अंबाडा आणि मागून हलणारा एक कान. ती काम करताना कशी दिसते, हे आईनं कधी बघितलंच नव्हतं.

आता लेक समोर होती. तिनं मान वर करून थेट दाराकडे बघितलं. डोळे भरले होते आणि प्रश्न विचारत होते.

काटकोनबाईंनी मान हलवली. थोडीशीच, पेनाचं टोपण सरळ करावं एवढी.

प्रमुखांनी बोलायला सुरुवात केली. आपण फार लांबून आलो, असं काहीतरी ते म्हणत असावेत. लेकीनं घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवला, तो रांगेच्या बाहेर, चांगला वीतभर पुढे. दाराशी उभ्या असलेल्या आईला तो दिसला. तिनं तो तसाच राहू दिला आणि लेक काय बोलते ते ऐकू लागली.