भट्टीत गेलेलं पिकअप

मे महिना लागला की समाधान माणसात राहायचा नाही. धुळ्याला साक्री रोडवर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. एरवी दिवसाला दोन मोटारी यायच्या, पण मे महिन्यात दारापुढे जळक्या मोटारींची रांग लागायची. शेतात लाइट यायची ती कमी दाबाची, मोटारी घुमून घुमून जळायच्या, आणि लोक त्या ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर घालून आणून टाकायचे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, माझी आधी भरून दे. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची गुंडाळून बसवायची, वार्निशात बुडवायची आणि भट्टीत भाजून कडक करायची. एकोणतीस वर्षं समाधान हेच करत आला होता. मान पुढे वाकली होती, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता, आणि झोपला तरी बोटं आपली अंथरुणावर वेढे घालत असायची. बायको दीपमाला म्हणायची, झोपेत तरी दुकान बंद करत जा.

एक गोष्ट मात्र त्याने जपली होती. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा दिलेली तार मिळते. वरून बघाल तर अस्सल तांबं. कितीतरी जण तीच घालून मोकळे होतात, गिऱ्हाइकाला काय डोंबल कळतंय. समाधानने ते रीळ दुकानात कधी शिरू दिलं नाही. तो फार बोलणारा माणूस नव्हता, पण ह्या एका बाबतीत त्याला स्वतःचा गर्व होता, आणि तो असावाही.

अशा धबडग्यात बुधवारी पुनमचं पार्सल आलं.

पुनम त्याची एकुलती पोरगी. बी.एस्सी. होऊन वर्ष झालेलं, आणि गिटारीचं वेड लागून चार वर्षं. गिटार तरी कसली, मैत्रिणीच्या भावाने टाकून दिल्यासारखी दिलेली स्वस्तातली इलेक्ट्रिक. खुंट्या सैल, अर्धं गाणं होईस्तोवर सूर उतरलेला. तारांखाली आवाज पकडणारी दोन पिकअप असतात, त्यातलं एक मेलेलं आणि दुसरं जरा जोरात वाजवलं की किंचाळणारं. आणि ह्या गिटारीवर तिला रविवारी जळगावला जायचं होतं. तिथल्या रतिलालभाऊंच्या ऑर्केस्ट्राला गिटार वाजवणारं माणूस पाहिजे होतं, अहिराणी गाण्यांचे कार्यक्रम, शिवाय रेकॉर्डिंगही. त्यांनी हिला ऐकायला बोलावलं होतं. जमलं तर जमलं, नाहीतर एक तारखेपासून नरडाण्याच्या कंपनीत ऑफिसात हजर व्हायचं, असं मायलेकींचं ठरून गेलेलं. कंपनीचं पत्र आरशामागे खोचून ठेवलेलं होतं. पुनम आरशात बघणंच टाळायची.

पार्सलमध्ये सहा नव्या खुंट्या होत्या आणि पिकअपची जोडी. वायरींना डाग द्यायची, सोल्डरिंगची इस्तरी बापाकडेच, म्हणून ती सगळं घेऊन दुकानात आली.

खुंट्या समाधानने उभ्या उभ्या बसवून दिल्या. जुन्या स्क्रूंची भोकं झिजलेली होती, त्यात आगकाडीचे तुकडे गोंद लावून ठोकले आणि वर नवे स्क्रू आवळले. मग त्याने जुनं मेलेलं पिकअप खोलून हातात घेतलं, चष्मा वर करून नाकाशी धरलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"ही तर कॉइल आहे," तो म्हणाला.

"हो पप्पा. चुंबकावर गुंडाळलेली तार."

"मग विकत कशाला आणलीस? मोटार भरणाऱ्याच्या घरात कॉइल विकत?"

"ती फार बारीक तार असते पप्पा. केसापेक्षा बारीक."

"एवढ्या मोटारी भरल्या मी, आणि हे बोटभर नाही भरता यायचं? ते परत पाठवून दे."

पुनम बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे कधी नव्हे तो उजेड आलेला होता. पोरीच्या ह्या वेडात आपलं काहीच नाही, आपण नुसते बाजूला उभे, हे समाधानला चार वर्षं आतल्या आत टोचत आलेलं. आज पहिल्यांदा त्याला तिच्या वाटेवर हात लावायला जागा सापडली होती. तिने मान डोलावली आणि पार्सल उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, पाठवलं परत.

पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बारीक तारेचं रीळ पडून होतं, ते समाधानने आणलं. शुक्रवारी सकाळपासून तो ती तार जुन्या मेलेल्या पिकअपवर भरायला बसला. आठ हजार वेढे. पहिल्यांदा तार तुटली तीन हजारावर. दुसऱ्यांदा पाच हजारावर तुटली तेव्हा त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. मध्येच कापडण्याचे नथ्थू आबा येऊन डोकावून गेले. पासष्टीचा माणूस, कापसाची लागवड खोळंबलेली, आठवडाभर मोटारीसाठी खेटे घालत होता.

"समाधानभाऊ, मनी मोटार व्हयनी का? बठ्ठा कापूस लावाना बाकी शे."

"उद्या देतो आबा. आज भट्टीत घालतो."

तिसऱ्या खेपेला मात्र आठ हजार पुरे झाले. मीटर लावून पाहिलं तर काटा बरोबर हलला. दिवेलागण झाली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मान धरली होती, पण आनंद झाला होता, खरा आनंद. मग त्याने नथ्थू आबांच्या मोटारीची भरलेली बॉडी वार्निशात बुडवली, निथळून भट्टीत ठेवली. आणि हात थांबलाच नाही. एकोणतीस वर्षं त्या हाताला एकच माहीत, कॉइल भरली की वार्निश, वार्निश झालं की भट्टी. त्याच हाताने ते बोटभर पिकअपही वार्निशात बुडवून आबांच्या मोटारीशेजारी ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. डोकं केव्हाच घरी जाऊन झोपलं होतं.

शनिवारी सकाळी शटर वर केलं तेव्हा वास आला. वार्निशाचा नव्हे. बाकावर आधीच येऊन बसलेले नथ्थू आबा नाक फेंदारत म्हणाले, "काय जयनं रे भो?"

समाधानने भट्टी उघडली. आबांची मोटार झकास कडक झालेली. शेजारी पिकअपचं प्लास्टिक वितळून पसरलं होतं आणि आठ हजार वेढे त्यात बुडून गेले होते. मोटारीला लोखंडाचं अंग असतं, ह्याला प्लास्टिकचं, एवढी साधी गोष्ट. शिकाऊ पोरानेही केली नसती अशी चूक. त्याने ते सांडशीने उचललं, बाकड्यावर ठेवलं आणि खाली बसला. शरम वाटली त्याला. थकव्याचं काही नाही, थकवा रोजचाच, पण ही शरम नवी होती.

पुनम डबा घेऊन आली तेव्हा त्याने काही लपवलं नाही. "मी जाळलं," म्हणाला. "सवयीने भट्टीत टाकलं. उद्या तुझं जाणं आणि मी जाळून बसलो."

ती बाकड्यावरच्या त्या गोळ्याकडे बघत राहिली. डबा ठेवून आल्या पावली घरी गेली आणि पाव तासाने परत आली. हातात पार्सल. खोक्याला गव्हाचं पीठ लागलेलं होतं.

"परत पाठवलं होतंस ना?"

"नाही पाठवलं. मम्मीने गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं."

"म्हणजे खोटं बोललीस."

"हो."

वितळलेल्या पिकअपचं लागलं नव्हतं इतकं हे लागलं समाधानला. म्हणजे माझा भरवसा नव्हता, मायलेकी दोघींना नव्हता, आणि मी दिवसभर डोळे फोडत बसलो तेव्हा घरात दोघींना माहीत होतं की ह्याचं काही होणार नाही. पण भरवसा नव्हता तो बरोबरच निघाला होता.

"काल दुपारी मी आले होते इथे," पुनम हळूच म्हणाली. "शटर अर्धं खाली होतं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, हातात तुटलेली तार. मी बाहेरूनच परत गेले. पप्पा, मी ठरवलं होतं, तुमचं झालं तर तुमचंच लावीन, हे पार्सल कोणाला दाखवणारही नव्हते. देवाशपथ."

समाधानने इस्तरी तापत घातली. मग त्याला बाकावरच्या आबांची आठवण झाली. मोटार जोडून द्यायची होती, आणि तास-दीड तास म्हातारा मुकाट बसलेला होता.

"आबा, तुमचं आधी करू का?"

नथ्थू आबांनी गिटारीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. "कर ते काम पहिले. पोरनं शे ना. मी बठस आठेच." आणि बाकावरच मांडी घातली.

पिकअप बसली, डाग दिले, गिटार छोट्या स्पीकरला जोडली. एकेकटं पिकअप लावलं तर आवाज भरदार, किंचाळणं बंद. पण दोन्ही एकदम चालू केली की आवाज पडायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा नाकातून यायचा. पुनमने मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. समाधानने दोनदा ऐकलं, मान तिरकी करून.

"दोन्ही एकमेकांच्या उलट चालताहेत," तो म्हणाला. "मोटार उलटी फिरली की काय करतो आपण? दोन वायरी अदलाबदल." त्याने एका पिकअपच्या दोन वायरी सोडवल्या, फिरवून पुन्हा जोडल्या. पुनमने तार छेडली आणि आवाज दुकानभर झाला. आबा बाकावरून म्हणाले, व्हयनं मग, आता मनी जोड.

रविवारी पहाटेच्या एस.टी.ने ती जळगावला गेली. समाधानने सुटीच्या दिवशीही दुकान उघडलं, घरात बसवत नव्हतं. वितळलेला गोळा बाकड्यावर तसाच होता. टाकून द्यावा म्हणून दोनदा उचलला आणि पुन्हा ठेवला. दुपारी तीनला फोन आला.

"घेतलं पप्पा. एक तारखेपासून इथेच."

समाधान म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवते. ऐका ना, रतिलालभाऊ विचारत होते गिटारीचं काम कोणी केलं. मी म्हटलं, वडिलांनी."

समाधान दचकला. "अगं, पिकअप विकतची आहेत. मी भरलेली म्हणून सांगितलीस का? तसं सांगू नये. उद्या त्यांना कळलं म्हणजे?"

"सगळं सांगितलं पप्पा. पहिलं तुम्ही भरलं आणि भट्टीत जाळलं तेही, वायरी फिरवल्या तेही. तुमच्याशी बोलले तेवढं खोटं पुरे झालं. तुमची पोरगी आहे मी, ॲल्युमिनियमला तांबं कशी म्हणीन?"

तिकडे मागे कोणीतरी ढोलक लावत होतं. समाधानने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

"आणि त्यांच्याकडे जुनी गिटार आहे, वीस वर्षांची," पुनम म्हणाली. "तिचं एक पिकअप मेलंय, आता तसं मिळत नाही कुठे. म्हणाले, ज्याने एकदा जाळलं तो दुसऱ्यांदा जाळायचा नाही, तुझ्या वडिलांकडेच दे. मी घेऊन येतेय संध्याकाळी."

"मे महिना आहे, बाई," समाधान म्हणाला. "दारात सात मोटारी पडल्यात."

"मग नाही म्हणून सांगू?"

समाधानने बाकड्यावरचा गोळा उचलला आणि भट्टीच्या झाकणाच्या मुठीला, रोज हात जातो तिथेच, एका तारेने घट्ट बांधायला घेतला.

"घेऊन ये," तो म्हणाला.