चित्र आहे, दिवा नाही

बुधवारी सकाळी अण्णा आवटींचा लॅपटॉप सुरू झाला, पण पडदा काळाच राहिला. आणि त्याच मिनिटाला अण्णांचा चेहराही दिसेनासा झाला. या कानापासून त्या कानापर्यंत नुसता काळोख, वर पांढरे केस. नाडी चालू होती, श्वास चालू होता. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, "ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

त्यांच्या मुलीला, शैलाला, घोर लागला तो शुक्रवारचा. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा तो शेवटचा दिवस. बँकेत कॅमेऱ्यासमोर बसायचं, चेहरा जुळला की माणूस हयात. "चेहराच नसेल तर मला हयात धरता येणार नाही, ताई," कारकून फोनवर नम्रपणे म्हणाला.

चेहरा दुरुस्त करणारं मिरजेत कुणी नव्हतं. लॅपटॉप दुरुस्त करणारे शौकत मुजावर होते. दोन्ही एकदम गेलंय, तेव्हा एक आलं की दुसरं येईल, असं धरून शैलाने गुरुवारी त्यांना घरी बोलावलं.

शौकतभाईंनी पलंगाशेजारच्या स्टुलावर लॅपटॉप ठेवला, बटण दाबलं आणि कान लावला.

"पंखा फिरतोय. म्हणजे जीव आहे. किती वर्षांचा?"

"चौदा."

"आणि काका?"

"एक्याऐंशी."

"दोघांनीही भरपूर काम केलंय," ते म्हणाले.

त्यांनी चार्जर काढला, बॅटरी काढली आणि सुरू करायचं बटण दाबून धरलं. आत उरलेली वीज निघून जायला तीसपर्यंत मोजावं लागतं. त्यांनी 'एक' म्हटलं आणि अण्णांचा श्वास थांबला. शैलाने त्यांच्या छातीवर हात ठेवला. शौकतभाई जराही घाई न करता मोजत राहिले. तीसला त्यांनी बोट उचललं. बटण थोडं अडकलं, मग वर आलं. अण्णांनी श्वास घेतला.

पडदा काळाच.

मग त्यांनी रॅमची पट्टी काढली आणि शाळेतल्या खोडरबराने तिची सोनेरी टोकं घासली. "निम्मी मशिनं एवढ्यावर उठतात." रबराचा चुरा अण्णांच्या उशीवर पडत होता. शैलाने तो झटकला.

पडदा काळाच.

शेवटी त्यांनी टॉर्च लावून पडद्यावर तिरपा धरला. पाण्याखाली पडलेल्या नाण्यांसारखी चिन्हं पुसट दिसली. "चित्र आहे. मागचा दिवा गेलाय."

शैलाने टॉर्च मागून घेतला आणि उशीवर तिरपा धरला. काळोखात नाक दिसलं, देवीचे व्रण दिसले, दाढीचे खुंट दिसले. डोळे उघडे होते.

"शैला, टॉर्च खाली घे," अण्णा म्हणाले.

"दिवा नवा मिळेल का?" तिने विचारलं.

"इतक्या जुन्याचा नाही मिळत. चित्र दुसऱ्या पडद्यावर घेता येतं." त्यांनी लॅपटॉपला वायर लावून टीव्ही जोडला, दोन बटणं एकदम दाबली. अण्णांची सगळी चिन्हं टीव्हीवर आली.

"आणि अण्णांचं?"

"त्यांना पडदा घरातलाच लागेल." शौकतभाई तिच्याकडे बघत होते.

"तिला नको," काळोखातून अण्णा म्हणाले.

"उद्याच्या दिवसापुरतं, अण्णा," शैला म्हणाली. "माझा चेहरा कुठे जाईल?"

"कुठेच नाही," शौकतभाई म्हणाले. "खाली राहील, दिवा बंद. काम झालं की फोन करा. मी इथे बटण दाबून तीसपर्यंत मोजतो. ज्याचं चित्र त्याच्याकडे परत."

शुक्रवारी सकाळी शैलाने अण्णांचं मनगट धरलं आणि शौकतभाईंनी दोन बटणं दाबली. आरशात देवीचे व्रण होते, दाढीचे खुंट होते. तिने अण्णांची टोपी घातली. साडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. "आजोबा, सावकाश," म्हणत रिक्षावाल्याने तिला हात दिला.

कारकुनाने काचेच्या खिडकीतून कॅमेरा तिच्याकडे वळवला. "काका, पापण्या मिटा. उघडा." हिरवी खूण आली. "झालं. आता पुढच्या नोव्हेंबरपर्यंत तुम्हाला कुणी हात लावत नाही. शैलाताई नाही आल्या? दरवर्षी त्याच आणतात तुम्हाला."

"मी शैलाच."

कारकून समजूतदारपणे हसला. "माझे वडीलही मला त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारतात. बसा, दाखला छापतो."

शैलाने फोन लावला.

"झालं?" शौकतभाईंनी विचारलं.

"झालं."

"मग मोजतो. एक."

या वेळी श्वास तिचा थांबला. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने फोन कानाशी घट्ट धरला आणि त्यांच्या मोजण्याबरोबर मनात मोजू लागली. दहाला छपाईयंत्रातून कागद अर्धा बाहेर आला. वीसला कारकुनाने शिक्का शोधला. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

तिचा श्वास परत आला नाही.

"ताई," शौकतभाई म्हणाले, "बटण वर येत नाहीये."

समोरच्या काचेत टोपीखाली काळोख होता. कारकुनाने शिक्क्यावर फुंकर घातली आणि दाखल्यावर दाबला.

"एकतीस," शौकतभाई म्हणाले.