देवकाबाईची चाळीस पावलं

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. हसू नका! चार ॲल्युमिनियमच्या नळ्या, दोन मुठी आणि पायांत चार रबरी टोप्या, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला वाकवलं, ठोकलं, तेव्हा वाटलं होतं की आता मोठ्या दवाखान्यात ऐटीत फिरणार. कसलं काय! गोंदियाच्या एका दुकानात वर्षभर छताला टांगून होतो. मग मुर्रीच्या लीलाधर गुरुजींनी मला नेलं. दोन महिन्यांत मी त्यांना चालतं केलं. आल्यागेल्याजवळ त्यांनी माझं तोंडभर कौतुक केलं, आणि पुढे तीन वर्षं माझ्यावर टॉवेल वाळत घातला. माझे रबर पार झिजून गेले, पण विचारतो कोण?

शेवटी फिजिओथेरपिस्ट चेतनाताईंनी मला तिथून सोडवलं, नवे रबर बसवले आणि केशोरीला देवकाबाईच्या घरी आणलं.

देवकाबाई म्हणजे धानाची रोवणी करणाऱ्या बायांची म्होरकी. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. तिचा मुलगा वीरेंद्र फार मायाळू. संडास आंगणाच्या टोकाला, चाळीस पावलांवर. तो आईला दोन्ही हातांवर उचलून न्यायचा. त्याला त्यात काहीच वाटत नव्हतं. तिला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून ही बाई पाणीच पीत नव्हती! ओठ सुकले तरी तहान नाही म्हणायची. मला ते बघवत नसे.

चेतनाताईंनी माझी उंची तिच्या मनगटाशी जुळवली आणि शिकवलं. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय, आणि दोन्ही पायांत अंतर. सोपं ना? पण देवकाबाईचा जन्म गेला धुऱ्यावरून चालण्यात. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला वीतभर बांध. तिथे एका पायापुढे दुसरा पाय ठेवूनच चालावं लागतं. सपाट आंगणातही ती तशीच चालू लागली. पायात पाय अडकायचा. वर दम कोंडायची! धानाचा भारा उचलताना छाती फुगवून दम धरायची सवय ती सोडते थोडीच? दहाव्या पावलाला डोळ्यांपुढे अंधारी. एकदा तर माझ्यासकट पडता पडता वाचली.

वीरेंद्र घाबरला. "राहू दे माय, मी आहो ना उचलाले," म्हणाला आणि मला भिंतीशी नेऊन ठेवलं. असा राग आला मला! पण चार पाय असून मला एकट्याला चालता कुठे येतं?

दोन दिवसांनी तिची रोवणीतली सोबतीण रुख्मा भेटायला आली. सगळं ऐकून घेतलं, आणि तरातरा जाऊन मला ओढत आणून देवकाबाईपुढे उभं केलं.

"गाणा म्हण वं देवका. रोवणीत दिवसभर गाऊन राहत होतो, तवा कोंडला होता का दम?"

दुसऱ्या दिवशी चेतनाताई आल्या, त्यांनाही ते एकदम पटलं. त्या म्हणाल्या, आजी, धुरा विसरा. रोवताना बांधीत पाय फाकवून उभ्या राहता ना, तसेच ठेवा.

मग पंधरा दिवस हाच सराव. खाटेवर हात रेटून श्वास सोडत उठायचं, उभं राहिल्यावर माझ्या मुठी धरायच्या, आणि गाता गाता पाऊल टाकायचं. धाप लागली की थांबायचं. पंधरा पावलं झाली, पंचवीस झाली. वीरेंद्रनं संडासाच्या भिंतीला धरायला दांडा ठोकून दिला.

एका सकाळी ती उठली आणि थेट निघाली. वीरेंद्र धावत आला.

"हात नोको लावू, बापू. मांगं राय फक्त."

तो मागून चालू लागला, दोन्ही हात पुढे धरून. तीस झाली, पस्तीस झाली, तिचा आवाज कापत होता पण गाणं तुटलं नाही. चाळीस! मला दाराशी ठेवून, दांडा धरून ती आत गेली. कडी लावायची नाही असं ताईंनी बजावलं होतं, म्हणून तिनं दार नुसतं लोटून घेतलं. आतूनही गाणं ऐकू येत होतं. बाहेर एवढा मोठा वीरेंद्र माझी मूठ धरून रडत होता, आणि मी ताठ उभा होतो. आयुष्यात एवढा ताठ मी कधीच उभा राहिलो नव्हतो!

त्या दिवशी ती तीन लोटे पाणी प्यायली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याचे रबर बघत जा, वाटेतलं पाणी पुसून घेत जा. आणि घरातलं दुखणाईत माणूस पाऊल टाकू लागलं की जवळ राहा, पण लगेच उचलून घेऊ नका. त्याला किती लांब जायचंय, ते आधी त्याला विचारा.