ओहोटीचं पाणी

“सर, पुढून काढू की मागून?”

राजनंदिनीने सुकाणूवरचा हात न हलवता विचारलं. समोर शंभरएक हातांवर माल वाहणारा एक रिकामा बार्ज नांगर टाकून उभा होता. त्याच्या नाकाडातून निघालेली गंजकी साखळी तिरपी पाण्यात गेली होती.

“मागून गेलो तर दोन बोटी पुढे जातील,” ती म्हणाली. “पण सेफ राहील. मला मागून बरं वाटतंय.”

महिपती पायगुड्यांनी शिडाकडे पाहिलं, मग बार्जकडे पाहिलं. असली अंतरं त्यांनी खडकवासल्याच्या पाण्यावर आयुष्यभर नजरेनं मोजली होती.

“पुढनं काढ,” ते म्हणाले. “आरामात निघतंय.”

राजनंदिनीने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि होडी तशीच पुढे ठेवली. ती नऊ वर्षांची असताना महिपतींनीच तिला धरणाच्या पाण्यात पहिल्यांदा होडीत बसवलं होतं. आता ती हिंजवडीत नोकरी करत होती आणि मुंबईतल्या एका क्लबाची तिघांची होडी मागून घेऊन शनिवार-रविवारच्या शर्यतीत उतरली होती. पुढचं लहान शीड सांभाळायला तिच्या ऑफिसातला समर्थ होता. तिसरी जागा तिने सरांसाठी ठेवली होती. “वारा दिसतो त्यांना,” मुंबईला येताना ती समर्थला गाडीत सांगत होती. “आणि समुद्राचा एवढा अनुभव आहे त्यांना. आपण फक्त ऐकायचं.”

मागच्या सीटवर महिपती खिडकीबाहेर बघत बसले होते.

समुद्राचा अनुभव त्यांना नव्हता. ते जन्मले धरणाकाठच्या गावात, सतराव्या वर्षी तिथल्याच क्लबात होड्या ओढायला लागले आणि साहेबलोक घरी गेल्यावर त्याच होड्या चालवून शिकले. मधली दीड वर्षं तेवढे मुंबईला होते, होड्या दुरुस्त करणाऱ्या एका वाडीत. तिथे उपड्या घातलेल्या होड्यांची बुडं घासून ते त्यांना रंग देत. समुद्र तिथून दिसायचा. अठरा वर्षांपूर्वी क्लबाला मुलांसाठी शिक्षक हवा होता, तेव्हा कमिटीतल्या कुणीतरी विचारलं होतं, “समुद्रावर काम केलंय का?” आणि ते म्हणाले होते, “दीड वर्ष होतो की मुंबईला, समुद्रावरच.” तेव्हा ते फार खोटंही वाटलं नव्हतं. पुढे मुलं विचारत गेली आणि गोष्ट वाढत गेली. खांदेरी बेटाजवळ वादळात सापडलो, शीड फाटलं, रात्रभर पाणी उपसलं. सांगता सांगता त्यांना त्या रात्रीची थंडीसुद्धा वाजायला लागली होती.

दुपारी दोनला शर्यत सुटली तेव्हा सगळं छान चाललं होतं. वारा उत्तरेकडून वायव्येला सरकणार हे त्यांनी पाण्यावरच्या काळसर पट्ट्यांवरून आधीच ओळखलं. “आता वळ,” ते म्हणाले आणि राजनंदिनी वळली. अर्ध्या मिनिटात वारा खरोखरच सरकला आणि त्यांची होडी अकरा होड्यांत दुसऱ्या नंबरावर आली. समर्थने मागे वळून अंगठा दाखवला. महिपतींच्या छातीत काहीतरी उमललं. समुद्र झाला म्हणून काय झालं, वारा तर तोच आहे.

मग ते म्हणाले, बंदराच्या मधोमध चल, तिथं वारा जास्त हाय. वारा तिथे जास्तच होता. शीड गच्च भरलं, होडी कलली, कडेनं पाणी सळसळत मागे जायला लागलं. पण डाव्या हाताला नांगरलेलं एक पांढरं जहाज काही केल्या मागे पडेना. पाच मिनिटांनी पाहिलं तरी ते तिथेच, शेजारी. किनाऱ्याच्या कडेकडेनं, जवळजवळ वारा नसलेल्या पाण्यातून, बाकीच्या होड्या मुंगीच्या पावलानं पुढे निघून गेल्या.

“सर, ओहोटीचा जोर मध्ये जास्त आहे का?” राजनंदिनीने विचारलं. “परवाच पौर्णिमा झालीय.”

“असतो थोडाफार,” महिपती म्हणाले. तलावातलं पाणी जागचं हलत नाही. पाणी वाहत असलं म्हणजे होडीचं काय होतं, हे ते त्या क्षणी पहिल्यांदा बघत होते. आपल्याला यातलं ठाऊक नाही, हे तेव्हा सांगता आलं असतं. त्यांनी शिडाची दोरी आणखी ताणली.

आणि त्यानंतर बार्ज आला होता.

होडीचं नाक साखळीच्या पुढून जाणार असं पन्नास हातांवर अजून वाटत होतं. मग बार्जच्या उंच अंगामुळे वारा एकदम पडला. शीड लटकलं. होडी पुढे जायची थांबली, पण आडवी सरकतच राहिली. पाणी तिला उचलून सरळ साखळीवर नेत होतं.

“सर?” राजनंदिनी म्हणाली.

नंतर कितीतरी दिवस महिपतींना हेच आठवत राहिलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. ते दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसले होते.

समर्थने साखळीला हात लावून होडी लोटायचा प्रयत्न केला. तो हात होडी आणि साखळीच्या मध्ये सापडला. तो ओरडला नाही, नुसता “आई गं” म्हणून खाली बसला. राजनंदिनीने सुकाणू पूर्ण फिरवलं, एका पायानं साखळीला रेटा दिला आणि होडी कशीबशी घासत बार्जच्या अंगावरून मागे सुटली. डोलकाठीला धरणारी तार तुटून लोंबत होती. शिटी वाजवून तिने सुरक्षेची मोटारबोट बोलावली. सगळं तिनेच केलं.

समर्थच्या दोन बोटांची हाडं मोडली होती. दवाखान्यात त्याला प्लास्टर घालून तिघं मुंबईच्या क्लबात परतले, तेव्हा होड्यांचं बघणाऱ्या नीरजाबाई हिरवळीवर वहीत काहीतरी लिहीत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या.

“ओहोटीच्या वेळी नांगरलेल्या जहाजाच्या पुढून जायचं नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात,” त्या म्हणाल्या. “पुढून जायचं कुणी ठरवलं?”

राजनंदिनी काही बोलायच्या आत महिपतींच्या तोंडून शब्द निघाले.

“मी म्हणलं होतं तिला मागनं काढ म्हणून.”

त्यांनी ते ठरवून म्हटलं नव्हतं. विस्तवाला लागलेला हात मागे यावा तसं ते आलं. पण आलं ते स्पष्ट, मोठ्यानं आणि शिक्षकाच्या आवाजात.

समर्थने मान वर केली. राजनंदिनी सरांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी आठवू नये, तशी ती बघत होती.

“हो,” ती नीरजाबाईंना म्हणाली. “सुकाणू माझ्या हातात होतं. माझी चूक आहे.”

नीरजाबाईंनी तसं लिहून घेतलं. पावसाळ्यापर्यंत तिला क्लबाची होडी मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्याला निघाले. घाटात समर्थ झोपला. राजनंदिनीने रेडिओ लावला नाही. महिपतींनी तीनदा बोलायची तयारी केली. लोणावळ्याला चहाला थांबले तेव्हा तिने त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा आणला, नेहमीसारखा, आणि समोर ठेवून गाडीशी जाऊन उभी राहिली. चांदणी चौक उतरल्यावर ती म्हणाली, “सर, वारजे आलं.” तेवढंच.

घरी शकूने, त्यांच्या बायकोने, पिशवी हातातून घेतली आणि चेहरा पाहून विचारलं, “काय झालं?”

त्यांनी सगळं सांगितलं. शकूला मुंबईतल्या रंगकामाचं पहिल्यापासून ठाऊक होतं. खांदेरीच्या वादळाची गोष्ट ती ओट्यापाशी उभी राहून पाहुण्यांबरोबर ऐकायची आणि कधी मध्ये बोलायची नाही. आत्ता मात्र भाजी निवडायची थांबून ती म्हणाली, “‘चुकलो’ म्हणाला असता, तर लोक दोन दिवस बोलले असते. पण त्या पोरीच्या माथी मारलंत तुम्ही.”

“तोंडातनं निघून गेलं.”

“तिच्या तोंडातनं बी निघू शकलं असतं की खरं. तिनं नाही काढलं.”

ते आठवडाभर क्लबात गेले, मुलांना शिकवलं, होड्या धुतल्या. मंगळवारी समर्थच्या घरी फळं घेऊन गेले. समर्थ नीट बोलला, “तुमचा काय दोष त्यात,” असंही म्हणाला, पण होडीत काय बोलणं झालं ते त्याने ऐकलं होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी स्वारगेटला जाऊन त्यांनी मुंबईची बस धरली.

नीरजाबाईंनी त्यांना लगेच ओळखलं नाही. मग खुर्ची दिली.

“त्या दिवशी मी खोटं बोललो,” महिपती उभ्याउभ्याच म्हणाले. “ती मागनं म्हणत होती. मी पुढनं काढायला लावली. लिहून देतो.”

“आपण इथे आधी बोट चालवलीय ना? ती म्हणाली होती, तुम्हाला पुष्कळ अनुभव आहे.”

“नाही. मी इथं होड्यांना रंग देत होतो. खालनं.”

नीरजाबाईंनी वही फिरवून त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. महिपतींनी सावकाश, शाळेतल्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका हवेली. पत्ता कुणी विचारला नव्हता.

“एवढ्यासाठी पुण्याहून आलात?” नीरजाबाईंनी विचारलं.

“व्हय,” ते म्हणाले आणि निघाले.

सोमवारी राजनंदिनीचा फोन आला.

“तुम्ही मुंबईला गेला होतात म्हणे.”

“हो.”

“मला होडी द्यायला तयार आहेत ते. पुढच्या महिन्यापासून.”

“बरं झालं.”

तिच्या मागे ऑफिसातले आवाज ऐकू येत होते. “सर, तुम्हाला ओहोटीचं माहीत नव्हतं, त्याचं मला खरंच काही वाटलं नाही. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण नंतर तुम्ही जे बोललात…”

“माहितीय मला.”

“मी अजून त्याच्यातून बाहेर नाही आले.”

“नको येऊस घाईनं,” महिपती म्हणाले. आणखी काही बोलावं असं त्यांना फार वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं स्वतःच्या बाजूचं होतं. तिने फोन ठेवला.

पुण्यातल्या क्लबाचे सेक्रेटरी दत्तप्रसाद यांनाही त्यांनी सगळं सांगितलं. क्लबाच्या माहितीपत्रकात ‘दीर्घ सागरी अनुभव असलेले प्रशिक्षक’ असं छापलेलं होतं, ते काढा म्हणाले.

दत्तप्रसादांनी चष्मा कपाळावर नेला. “म्हणजे अठरा वर्षं समुद्र होता तो आता आटला?”

“होय साहेब.”

“छापलेली पत्रकं संपू देत. मग बघू.” पुन्हा चष्मा खाली घेऊन ते म्हणाले, “शिकवायला तुम्हीच आहात ना? मग झालं तर.”

पुढच्या रविवारी नवी तुकडी आली. दहा-बारा वर्षांची सात मुलं, केशरी जॅकेटं घातलेली, आणि काठावर मोबाइल घेऊन उभे असलेले त्यांचे आई-बाप. त्यातला एक बाप माहितीपत्रक हातात घेऊन पुढे आला. त्याची मुलगी अस्मिता आधीच लहान होडीत जाऊन बसली होती.

“सर, तुमचा सी एक्स्पीरियन्स बराच आहे, नाही का?”

महिपती गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे होते.

“समुद्रावर एकदाच गेलोय,” ते म्हणाले. “गेल्याच महिन्यात. एकाची बोटं मोडली त्यात.”

त्या माणसाला तो पुणेरी विनोद वाटला. तो हसला आणि शेजारच्या बाईंना सांगायला वळला. महिपतींनी तो गैरसमज दूर करण्यासाठी पुन्हा तोंड उघडलं, पण तो माणूस लांब गेला होता. ते होडीचं नाक काठाला टेकवून तसेच वाळूत चालत जाऊन त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, खरंच सांगतोय. चूक माझी होती. तुम्हाला पोरगी दुसरीकडं घालायची असंल तर आत्ताच सांगा.”

त्या माणसाचं हसू विरलं. त्याने पाण्यातल्या होडीकडे पाहिलं. अस्मिता सुकाणूवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होती.

“इथं तलावात…?” त्याने विचारलं.

“इथलं मला येतं,” महिपती म्हणाले.

त्याने होकाराची मान हलवली. महिपती पुन्हा पाण्यात शिरले, कमरेपर्यंत गेले, होडीचं नाक वाऱ्याकडे वळवलं आणि पोरीच्या हातातली शिडाची दोरी ताठ होईपर्यंत होडी सोडली नाही.