पाच खुंटांचा तह

बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर आपल्याकडे एक मोठी सोय झाली. कुठल्या पुढाऱ्यानं केव्हा काय करायला हवं होतं, हे सगळ्यांनाच कळायला लागलं. पालघरात न्हाव्याच्या दुकानात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा तोंडाला साबण लावलेला असताना सैन्य हलवायचं. मग कमलाकांत मास्तरांनी तरी मागं का राहावं? ते तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे.

सहासष्टच्या दिवाळीआधी वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं. अडतीस साली इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडू दिला आणि त्याच्या सहीचा कागद घेऊन, शांतता आणली म्हणून घरी आले. वर्षभरात महायुद्ध पेटलं. ‘हुकूमशहापुढं जो एकदा वाकला तो भित्राच,’ असं मास्तर म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या नवापूर गावचा जिवल्या मुद्दाम ऐकायला आला होता. तोही टाळ्या वाजवत होता, याचं मास्तरांना फार बरं वाटलं. ते बरं वाटणं रविवारपर्यंत टिकलं.

नवापूरच्या मच्छीमारांचे पाटील होते महादू, म्हणजे मास्तरांचे वडील. तिथं भरती-ओहोटीच्या जोरावर मासळी धरणारी डोल जाळी बांधायला भर समुद्रात खुंट ठोकलेले असतात, आणि कुठले खुंट कुणाचे हे आज्यापणज्यांपासून ठरलेलं असतं. गेल्या वर्षी खाडीपलीकडच्या हिराजीनं नवापूरच्या पाच खुंटांवर खुशाल आपली जाळी बांधली. हिराजी म्हणजे ज्याच्यासमोर त्याच्या गावात कुणी ब्र काढत नसे असा माणूस. महादूंनी भांडण न करता पाच खुंट सोडून दिले. बदल्यात हिराजीनं गुडघाभर समुद्रात उभं राहून, हातात नारळ धरून शपथ घेतली, की सहाव्याला हात लावणार नाही. आणि यंदा बोंबलाच्या ऐन हंगामात त्यानं आणखी बारा बळकावले.

रविवारी देवळापुढं बैठक बसली. मास्तरही गावी आले होते. जिवल्या उभा राहिला.

“महादूकाका, राग मानू नका, पन पाटीलकी सोडा. गेल्या वर्षीच मी म्हनत होतो, होड्या काढा. जो एकदा वाकला तो भित्रा. हे मी नाय म्हनत, तुमचा मास्तर म्हनलाय, पालघरला, भरल्या सभेत, इंग्लंडच्या एका पंतप्रधानाबद्दल.”

सगळ्या माना मास्तरांकडं वळल्या. ते वेगळं आणि हे वेगळं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण काय वेगळं ते काही केल्या सापडेना. आपल्याच तोंडानं आपण बापाला चारचौघांत भित्रा ठरवलं होतं.

महादू सावकाश उठले. पासष्टी उलटली होती, पण आवाज खणखणीत.

“मास्तर शिकलेला हाय, बरोबरच बोलला असंल. त्या दिवशी काय होतं तेवढं ऐका. आपल्या सात होड्या. त्यातल्या चार दुरुस्तीला वाळूवर उपड्या. हिराजीकडं अकरा. तीन होड्यांवर कुनाची पोरं घालू, ते मना ठरवायचं होतं. मी वेळ मागून घेतला. आज आपल्या नऊ होड्या पान्यावर हायेत.”

“हिराजीनंबी चार नव्या बांधल्या,” जिवल्या म्हणाला.

“बांधल्या. आनि खरं सांगतो, नुसत्या वेळेसाठी नाय सोडले मी खुंट. मना वाटलं, तो थांबंल. समुद्रात उभा राहून दर्यावरचा मानूस खोटं बोलंल, हे माझ्या मनात आलं नाय. तिथं मी चुकलो. जिवल्याला तेव्हाच दिसलं, मना नाय दिसलं.”

महादूंनी जिवल्याचा हात धरला आणि त्याला आपल्या पाटीलकीच्या जागेवर बसवलं.

“उद्या भांगाचं पानी हाय, भरतीला जोर नाय. डोलीत मासळी नाय, त्याच्या निम्म्या होड्या वाळूवर असतील. उद्याच निघा. तुझ्या होडीवर मी येतो.”

जिवल्या भांडायच्या तयारीनं आला होता, हे त्याला अनपेक्षित होतं. “काका, मग सुकानू तुमी धरा,” तो चाचरत म्हणाला.

“सुकानू तुझं. मी वल्ह्यावर.”

मास्तरांना भरून आलं. इतकी वर्षं पोरांकडून थोर माणसांची नावं घोकून घेतली, आणि चूक कबूल करून वल्ह्यावर बसणारा हा माणूस आपल्याच घरात जेवत होता. आपण त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा, त्या दिवशी तुमच्या हातात होतं तरी काय? त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नऊ होड्या गेल्या. मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली, महादूंचा डावा हात मोडला. पण बारा खुंट सुटले. पहिले पाच मात्र हिराजीकडंच राहिले, आणि ते महादूंमुळं गेले हे गावात कुणी विसरलं नाही. महादूही विसरले नाहीत.

पुढच्या रविवारी मास्तर हळदीचा लेप घेऊन वडिलांपाशी बसले होते. महादूंनी एकदम विचारलं, “तुझ्या त्या पंतप्रधानाचं पुढं काय झालं रे?”

“लढाई सुरू झाल्यावर आठ महिन्यांनी खुर्ची सोडली. त्यांच्यावर सगळ्यात जास्त टीका करणारे चर्चिल पंतप्रधान झाले. चेंबरलेन त्यांच्याच हाताखाली काम करत राहिले, अंथरूण धरेपर्यंत. त्याच वर्षी वारले.”

महादूंनी लेप लावणारा मास्तरांचा हात थांबवला.

“हे तू पालघरला सांगितलंस?”

“नाही.”

“म्हाईत नव्हतं?”

“माहीत होतं, बाबा. पण टाळ्या कमी पडल्या असत्या.”

महादूंनी दुखरा हात जरा सावरून मांडीवर घेतला.

“मग परत जा आनि सांग. तो मेलाय. त्याला सोता येऊन सांगता येनार नाय.”